अर्ध्या दिवसाचे टोकियो

सकाळी नऊच्या सुमारास टोकियोच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाबाहेर, मारुनोउची नावाच्या बाजूला, पिवळ्या रंगाच्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात. हातात तिकीट आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले यात्रिक एकेक करून आत चढतात. दाराशी उभी असलेली मार्गदर्शिका प्रत्येकाला लवून अभिवादन करते, माणसे मोजते, आणि ठरलेल्या मिनिटाला बस हलते. चार तासांत एक महानगर पाहायचे! उपनगरे धरून ज्याची वस्ती साडेतीन कोटींच्या वर जाते आणि जे चारशेहून अधिक वर्षे आपल्या देशातील सत्तेचे मोठे केंद्र राहिले आहे, ते नगर न्याहारीनंतर पाहावयास घ्यायचे आणि दुपारच्या जेवणापूर्वी आटोपायचे. ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला हसू येते.

अशा फेऱ्यांना नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. धावत्या गाडीच्या काचेतून शहर दिसते, पण कळत नाही, असे ते म्हणतात. आणि त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु हा आक्षेप घेणारा मनुष्य बहुधा सवडीचा असतो. ज्याला महिनाभर एका नगरात राहता येते, गल्लीबोळांतून हिंडता येते, तेथील भाषेशी थोडी ओळख करून घेता येते, त्याने अर्ध्या दिवसाला हसणे सोपे आहे. कामानिमित्त दोन दिवसांसाठी आलेला कारकून, विमान बदलण्यासाठी थांबलेला विद्यार्थी, जन्मभर पैसे साठवून एकदाच परदेशी निघालेले वृद्ध जोडपे यांच्यापुढे ‘अर्धा दिवस की महिना’ असा प्रश्न नसतोच. ‘अर्धा दिवस की काहीच नाही’ एवढाच प्रश्न असतो. ज्या नगरीतील पाट्यांवरील एकही अक्षर वाचता येत नाही, तेथे हाताला धरून नेणारे कोणी भेटले तर ते उपकारच समजले पाहिजेत. मग ही फेरी थट्टेचा विषय होत नाही. आणि जी गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही, तिच्याकडून काही मागण्याचा अधिकारही यात्रिकाला पोचतो.

टोकियोतील या फेऱ्यांचा पूर्वेतिहास तर मोठा बोलका आहे. शहर दाखविणाऱ्या बसगाड्या तेथे १९२५ सालीच सुरू झाल्या होत्या. युद्धाच्या काळात त्या बंद पडल्या. पुढे ‘हातो बस’ या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था १९४८ साली स्थापन झाली. जपानी भाषेत हातो म्हणजे कबूतर. शांततेचे चिन्ह म्हणून ते घेतलेले होते. १९४९ च्या मार्च महिन्यात या संस्थेची पहिली नियमित फेरी निघाली, आणि ती अर्ध्या दिवसाचीच होती. उएनोची बाग, राजवाड्यापुढील पटांगण, आकासाका येथील प्रासाद आणि असाकुसाचे मंदिर असा तिचा मार्ग होता. त्या वेळी देशावर परक्या सैन्याचा अंमल होता. शहराचा फार मोठा भाग चार वर्षांपूर्वी जळून गेला होता. ज्या असाकुसाच्या मंदिराकडे बस जात होती, त्याचे मूळ सभागृहही उरलेले नव्हते. अशा काळात ‘चला, आमचे शहर पाहा’ असे म्हणून गाडी काढणाऱ्या माणसांच्या उमेदीला काय म्हणावे? पाहण्यासारखे फारसे उरले नसताना त्यांनी दाखविण्याचा उद्योग आरंभिला, हे विशेष होय.

मार्गदर्शिकांची परंपराही अशीच जुनी आहे. दक्षिणेकडील बेप्पू या उष्णोदकाच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी १९२८ साली बसमध्ये मुलींनी माहिती सांगण्यास प्रारंभ केला. ती माहिती सात आणि पाच अक्षरांच्या पारंपरिक लयीत बांधलेली असे. ऐकणाऱ्याच्या कानांत ती घोळत राही. आजची मार्गदर्शिका इंग्रजीत बोलते, लय गेली आहे. तथापि घटका मोजून बोलण्याची शिस्त मात्र कायम आहे. ‘दहा वाजून पन्नास मिनिटांनी बस सुटेल’ असे ती सांगते तेव्हा त्या वाक्यात ‘सुमारे’ हा शब्द नसतो. घासाघीस करून पाच मिनिटे वाढवून घेऊ पाहणाऱ्या आपल्याकडील प्रवाशाला हा धडा पहिल्याच थांब्यावर मिळतो.

बस सुटते त्या स्थानकाकडेच प्रथम पाहावे. लाल विटांची ही भव्य इमारत तात्सुनो किंगो या वास्तुविशारदाने उभारली. ती १९१४ साली पुरी झाली. १९४५ च्या मे महिन्यात विमानांतून झालेल्या बाँबवर्षावात तिचे घुमट आणि तिसरा मजला जळाला. घाईने दुरुस्ती करून दुमजली इमारतीवर काम भागविण्यात आले, आणि ही तात्पुरती डागडुजी साठांहून अधिक वर्षे टिकली. घुमट पुन्हा पूर्ववत झाले ते २०१२ साली. यात्रिक त्या घुमटांखालून येतो, छायाचित्र घेतो आणि बसमध्ये बसतो. आपण एका भरून आलेल्या जखमेसमोर उभे होतो, हे त्याला कोणी सांगितले तरच कळते.

पहिला थांबा राजवाड्यापुढील पटांगणाचा. खंदक, दगडी पूल, काळसर पाइन वृक्ष आणि पलीकडे पांढऱ्या भिंतीचा बुरूज, असे ते शांत दृश्य आहे. येथे पूर्वी एदोचा किल्ला होता आणि तोकुगावा घराण्याचे शोगुन तेथून राज्य करीत. त्या किल्ल्याचा उंच मनोरा १६५७ च्या भीषण आगीत जळाला. शहराचाही बहुतेक भाग त्या आगीत भस्मसात झाला होता. मनोरा पुन्हा बांधावा असा विचार निघाला, तेव्हा होशिना मासायुकी या कारभाऱ्याने सल्ला दिला की, मनोऱ्यापेक्षा नगरीची उभारणी अधिक निकडीची आहे. मनोरा पुढे कधीच बांधला गेला नाही. त्याचा रिकामा दगडी चौथरा आतल्या पूर्वेकडील बागेत आजही आहे. परंतु बस पटांगणापाशी थांबते आणि तेथूनच परतते. राज्यकर्त्यांनी काय बांधले हे पाहण्यासाठी जग फिरणाऱ्या यात्रिकाला, त्यांनी काय बांधले नाही हे दाखविणारी ही जागा पंधरा मिनिटांसाठी हुकते.

टोकियो टॉवरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. तो ३३३ मीटर उंच आहे आणि १९५८ साली उभा राहिला. वर गेल्यावर शहर कोठे संपते ते दिसत नाही, एवढे खरे. ज्या नाइतो ताचू यांनी त्याचा आराखडा केला, त्यांनी बांधलेली एक मोठी इमारत १९२३ च्या भूकंपात उभी राहिली होती. माणसे तेथे बराच वेळ रमतात; त्यातला निम्मा वेळ खालच्या दुकानांत जातो.

फेरीचा खरा गाभा असाकुसाचे सेन्सोजी मंदिर हाच होय. कामिनारिमोन या महाद्वाराखाली सातशे किलो वजनाचा तांबडा कागदी कंदील टांगलेला आहे. दारातून आत शिरले की, सुमारे अडीचशे मीटर लांबीचा, दोन्ही बाजूंनी दुकानांनी भरलेला नाकामिसे हा रस्ता लागतो. पंखे, बाहुल्या, भाजलेल्या तांदळाच्या चकत्या, धूप. पुढे धुराचे मोठे पात्र. तो धूर लोक अंगावर ओढून घेतात. त्यामागे मंदिराचे प्रशस्त छप्पर. आख्यायिका अशी की, इसवी सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात, जवळच्या सुमिदा नदीत, कान्नोनची एक मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी हे स्थान निर्माण झाले. ती मूर्ती गुप्त ठेवलेली आहे. भक्तांना तिचे दर्शन होत नाही. लक्षावधी लोक ज्याच्यासाठी येतात ते पाहावयाचे नसतेच, ही गोष्ट घाईने पाहात सुटलेल्या यात्रिकाला क्षणभर थांबविणारी आहे.

कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. मराठी यात्रिकाला येथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत आणि औरंगाबादची म्हणून प्रसिद्ध असलेल्या, आजच्या छत्रपती संभाजीनगराजवळील लेण्यांत हाच बोधिसत्त्व कोरलेला आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस संकटात सापडलेली माणसे दाखविली आहेत. कोणावर सिंह धावून येतो आहे, कोणाची नौका बुडते आहे, कोणी आगीने वेढला आहे. आणि प्रत्येक जण त्याला हाक मारतो आहे. सद्धर्मपुंडरीक सूत्रातही त्याच्या नावाने आगीतून तरण्याचे अभिवचन आहे.

या अभिवचनाची असाकुसात एकदा फार कठीण परीक्षा झाली. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये भूकंप झाला आणि पाठोपाठ शहर पेटले, तेव्हा सेन्सोजी मंदिर वाचले होते. लोकांनी ते ध्यानात ठेवले. १० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर सुमारे तीनशे अमेरिकी विमानांनी या भागावर आगीचे बाँब टाकले, तेव्हा पुष्कळ जण कान्नोनच्या भरवशावर मंदिराकडे धावले. त्या रात्री मंदिर जळाले. शेजारचा पाच मजली पॅगोडाही जळाला. उत्तरेकडील कोतोतोई पुलावर दोन्ही तीरांवरून पळत आलेली माणसे समोरासमोर अडकली आणि ज्वाळांनी त्यांना तेथेच गाठले. एका रात्रीत शहरात सुमारे एक लाख माणसे मृत्यू पावली.

आज यात्रिक पाहतो ते मंदिर १९५८ साली सिमेंट काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले आहे. पॅगोडा १९७३ चा. ज्या महाद्वाराचे छायाचित्र घेतल्यावाचून कोणी परतत नाही, ते तर १८६५ साली जळाल्यापासून पंचाण्णव वर्षे नव्हतेच. मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतीच्या देणगीतून ते १९६० साली बांधले गेले. यात फसवणूक काहीही नाही. मोडलेले घर पुन्हा बांधावयाचे नाही तर काय करावयाचे? परंतु ‘हे शहरातील सर्वांत प्राचीन मंदिर’ एवढेच सांगून थांबणे हे अर्धे सांगणे झाले. प्राचीन आहे ती श्रद्धा. भिंती नव्या आहेत आणि त्या नव्या का आहेत, हाच त्यांचा खरा इतिहास आहे.

यावर एक उत्तर दिले जाते, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. पाहुणा सुटीवर आलेला असतो. पाहुण्यापुढे घरातले दुःख मांडू नये, हा यजमानाचा धर्म आहे. शिवाय समोर बसलेल्यांत कधी त्या विमानांच्या देशातले लोकही असतात. अशा वेळी मार्गदर्शिकेने मौन धरले तर तिला दोष देता येत नाही. जपाननेही त्या युद्धात शेजारच्या देशांवर अनन्वित अत्याचार केले. एकाचे दुःख सांगताना दुसऱ्याचे झाकले जाते, ही भीतीही खोटी नाही. तथापि दुःख सांगणे आणि दुःखाचे प्रदर्शन मांडणे यांत अंतर आहे. सेन्सोजीच्या आवारात गिंको जातीचा एक जुना वृक्ष आहे. त्या रात्री तो होरपळला. त्याच्या खोडावर जळाल्याच्या काळ्या खुणा अजून दिसतात, आणि तो दर वसंतात पालवतो. त्याच्यापाशी तीन मिनिटे थांबून तीन वाक्ये सांगितली, तर कोणाची सुटी बिघडेल? कंदिलाचे वजन सांगण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून फारसा अधिक वेळ लागणार नाही.

सगळा भार मार्गदर्शिकेवर टाकणेही बरोबर नव्हे. यात्रिक जे विचारतात, तेच हळूहळू सांगितले जाते. बसमधील प्रश्न ऐकावेत: कंदील केवढा, टॉवर केवढा, स्वस्त वस्तू कोठे मिळतील, पुढचा थांबा किती वेळाचा. ‘हे केव्हा बांधले?’ असे क्वचित कोणी विचारतो. ‘याच्या आधी येथे काय होते?’ हा प्रश्न त्याहून विरळा. हा दुसरा प्रश्न टोकियोत कोठेही उभे राहून विचारावा. उत्तरात बहुधा १९२३ किंवा १९४५ हे साल येते. प्रश्नाला भाडे पडत नाही आणि वेळापत्रकही त्याने मोडत नाही.

दुपारी एकच्या सुमारास फेरी संपते. बस रिकामी होते, मार्गदर्शिका पुन्हा लवून निरोप देते. यात्रिकाच्या हाती उरलेला अर्धा दिवस असतो. असाकुसाहून सुमिदा नदी ओलांडून तीराने दक्षिणेकडे चालू लागले की, सुमारे दोन किलोमीटरवर योकोआमिचो नावाचे लहानसे उद्यान लागते. १९२३ साली ही मोकळी जागा होती. भूकंपानंतर आश्रयास आलेली सुमारे अडतीस हजार माणसे आगीच्या वावटळीत येथेच मेली. १९३० साली तेथे स्मृतिमंदिर बांधण्यात आले आणि १९४५ च्या मृतांच्या अस्थीही पुढे तेथेच ठेवण्यात आल्या. सहलीच्या बसगाड्या सहसा इकडे वळत नाहीत. आत गर्दी नसते. शेजारच्या वस्तीतली एखादी वृद्ध स्त्री येते, उदबत्ती लावते, हात जोडून थोडा वेळ उभी राहते आणि पिशवी उचलून बाजाराच्या वाटेला लागते.