छाती धडधडतेय? ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका

परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय. रात्री झोप नाही, हात थरथरतात, फॅनखाली बसूनही घाम येतो. होस्टेलचा जिना चढला की छाती धडधडते. रूममेट म्हणते, ‘टेन्शन घेऊ नको गं.’ घरी फोन केला तर आई म्हणते, ‘चहा कमी कर.’ वजन चार किलो उतरलंय, त्याचं तर सगळीकडे कौतुकच!

सातारा असो की सांगली, अशी एखादी मैत्रीण, असा एखादा मित्र प्रत्येक वर्गात सापडेल. बहुतेक वेळा ते खरंच टेन्शन असतं. पण दरवेळी नसतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ‘टेन्शन आहे’ हे निदान आपणच करून मोकळं होऊ नका.

थायरॉईड म्हटलं की आपल्याला वजन वाढणं आणि सुस्तीच आठवते. ती झाली कमी काम करणाऱ्या थायरॉईडची गोष्ट. गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी जास्तीचं काम करायला लागली, की उलटं होतं. भूक वाढते आणि वजन उतरतं. गाडी न्यूट्रलला उभी आहे, पण रेस अडकलीय, तसं शरीराचं होतं. याला हायपरथायरॉईडिझम म्हणतात आणि तो मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

याचा पहिला मार हृदयावर. थायरॉईडचं हार्मोन वाढलं की हृदय जलद आणि जोरात ठोके देतं, त्यामुळे बीपीचा वरचा आकडा चढतो. त्याच वेळी शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून खालचा आकडा उतरतो. नेहमीच्या 120/80 मध्ये फरक 40 चा. इथे 150/60 असं काहीतरी दिसतं, फरक थेट 90! आपण मात्र वरचा आकडा बघून ‘बीपी वाढलंय, मीठ कमी कर’ म्हणतो आणि विषय संपवतो. दोन आकड्यांमधलं अंतर कोणी बघतच नाही.

दुसरी गोष्ट ठोक्यांच्या लयीची. हार्मोन जास्त दिवस वाढलेलं राहिलं, तर हृदयाचे वरचे कप्पे ताल सोडून थरथरू शकतात. तरुण वयात हे कमी होतं, वय वाढेल तसा धोका वाढतो. 1991 च्या मे महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) जॉगिंग करताना दमले. तपासलं तर ठोके अनियमित, आणि मुळाशी निघाला थायरॉईडचा ग्रेव्ह्ज आजार.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर हे नीट वाचावं. सोळाशे मीटरचं टायमिंग सुधारायचं सोडून बिघडतंय, उठाबशा काढताना मांड्या साथ देत नाहीत, तर प्रत्येक वेळी ‘सराव कमी पडतोय’ हेच उत्तर नसतं. आणि निदान झालं म्हणजे ग्राऊंड संपलं, असंही नाही. अमेरिकेची धावपटू गेल डेव्हर्स हिला हाच ग्रेव्ह्ज आजार होता. उपचारांच्या काळात तिच्या पायांची अवस्था इतकी वाईट झाली, की पाय कापावे लागतील अशी वेळ आली होती. तीच 1992 मध्ये बार्सिलोनाला 100 मीटरचं ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेली.

मग करायचं काय? सकाळी जाग आली की अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. सात दिवस लिहून ठेवा. टेन्शनचे ठोके झोपेत, निवांत असताना खाली येतात. थायरॉईडचे ठोके शांत पडूनही चढेच राहतात. आकडा रोज शंभरच्या आसपास किंवा वर असेल, किंवा ताल चुकतोय असं वाटलं, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘टीएसएच करायची का?’ असं सरळ विचारा. साधी रक्ताची तपासणी आहे. साताऱ्यात, सांगलीत सिव्हिल आहे, मिरज तर दवाखान्यांचंच गाव. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, दम लागला, तर मात्र वही बाजूला ठेवा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो. आणि वजन उतरवायला आईच्या थायरॉईडच्या गोळ्या चोरून घेणाऱ्यांनो, तुम्ही हाच आजार विकत घेताय!

यावर औषधं आहेत. ठोके आवरणारी गोळी लवकर आराम देते, ग्रंथीला लगाम घालणाऱ्या गोळ्यांना काही आठवडे लागतात आणि त्या बरेच महिने घ्याव्या लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत.

आणि हो, उद्या कोणी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, छाती फार धडधडते,’ तर ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणायच्या आधी तिचा हात हातात घ्या आणि एक मिनिट ठोके मोजा.