धावणाऱ्यांची देणगी आणि मनोरुग्णांचा हक्क

जानेवारी महिन्यातील एका रविवारी, मुंबई पुरती जागी होण्यापूर्वीच, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून हजारो स्त्री-पुरुष धावू लागतात. २००४ साली सुरू झालेली ही मॅरेथॉन आता केवळ क्रीडाप्रसंग राहिलेली नाही. अनेक स्वयंसेवी संस्थांच्या वर्षाच्या जमाखर्चात तिला स्थान मिळाले आहे. आयुष्यात प्रथमच ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर धावण्याचा संकल्प सोडणारा मनुष्य आप्तेष्टांकडे आणि कचेरीतील सहकाऱ्यांकडे एखाद्या कार्यासाठी देणगी मागतो. अलीकडे या कार्यांत मानसिक आरोग्याचाही समावेश होऊ लागला आहे.

ही घटना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. शाळेसाठी किंवा लहान मुलांच्या शस्त्रक्रियेसाठी हात पसरणे तुलनेने सोपे असते. पंधरा वर्षे छिन्नमानसाने ग्रासलेल्या प्रौढासाठी खिशात हात घालणारे थोडे. अशा वेळी नात्यातील किंवा ओळखीतील कोणी चार लोकांत या आजाराचे नाव घेतो, ही गोष्ट देणगीच्या रकमेपेक्षाही मोलाची म्हणावी लागेल. लंडनमध्ये २०१७ च्या मॅरेथॉनने ‘हेड्स टुगेदर’ या मोहिमेला आपले वर्षाचे कार्य म्हणून निवडले, तेव्हा मानसिक आजाराविषयीचा संकोच दूर करणे हाच तिचा प्रमुख हेतू होता.

तथापि लंडनचा दाखला देताना एक गोष्ट विसरता येत नाही. तेथे १९४८ पासून करांच्या पैशावर चालणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा आहे. तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ असल्या, तरी देणगी ही तेथे मूळ सेवेला दिलेली जोड असते. आपल्याकडे मात्र तीच मूळ सेवेच्या जागी बसविली जाण्याचा धोका आहे. केंद्राच्या आरोग्यविषयक तरतुदीपैकी मानसिक आरोग्याच्या वाट्याला सुमारे एक टक्का येतो आणि त्यातलाही मोठा हिस्सा बंगळूरच्या ‘निम्हान्स’कडे जातो. त्याच संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या पाहणीत, उपचारांची गरज असूनही ते न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के आढळले. (पाहणीच्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपली स्थिती फार निराळी असेल असे मानण्यास आधार नाही.)

देणगीच्या अर्थशास्त्राचा विचार करू लागल्यास खरी अडचण ध्यानात येते. पहिली मॅरेथॉन एकदाच धावता येते. त्या वर्षी मित्रमंडळी कौतुकाने पैसे देतात; दुसऱ्या वर्षी त्याच मंडळींकडे त्याच कारणासाठी जाताना धावणाराच संकोचतो. मनोविकारावरील खर्च मात्र आवर्ती आहे. गोळ्या दरमहा लागतात, परिचारिकेला वेतन दरमहा द्यावे लागते आणि औषधात खंड पडला तर आजार उलटतो. शिवाय देणगीवर कर-वजावटीची जी सवलत होती, ती नव्या करपद्धतीत नाही; आणि २०२३-२४ पासून वेगळी निवड न करणाऱ्याला हीच पद्धती लागू होते. देणगीचा हा झरा आटण्यास तेवढेही कारण पुरेसे ठरू शकेल. अशा उत्पन्नावर जिल्ह्याची उपचारव्यवस्था उभारणे म्हणजे लॉटरीच्या भरवशावर घरखर्च चालविण्यासारखे आहे.

ही व्यवस्था उभारण्याचे दायित्व मुळात शासनाचे आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला, जिल्हा कार्यक्रम १९९६ साली. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांवरच सारा भार पडू नये, उपचार रुग्णाच्या गावाजवळ मिळावेत, ही त्यामागील कल्पना योग्यच होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तर पुढचे पाऊल टाकले. त्याच्या १८ व्या कलमाने शासकीय सेवेचा लाभ हा प्रत्येकाचा हक्क ठरला. एवढेच नव्हे, तर जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर रुग्णाने तेथे अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा, असेही त्यात म्हटले आहे. ही तरतूद किती कुटुंबांना ठाऊक असेल? आजारी मुलाला घेऊन तालुक्याहून एसटीने शहर गाठणाऱ्या बापाने परतफेडीचा अर्ज कोठे करावा, हे त्याला सांगणार कोण?

मॅरेथॉनचा पैसा येथे खर्ची पडला पाहिजे. एका जिल्ह्यात एक-दोन जाणते कार्यकर्ते दोन वर्षे नेमावेत. त्यांनी जिल्हा रुग्णालयातील रिक्त पदे आणि औषधांचा साठा यांची दरमहा नोंद ठेवावी, कुटुंबांचे अर्ज भरून घ्यावेत आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचा पाठपुरावा करावा. एवढे काम एकरकमी देणगीतून खचित होऊ शकते. अर्जांचा ढीग साचला, की तो आकडा मार्चच्या अधिवेशनात आमदारांच्या हाती देता येईल, आणि मग अर्थमंत्र्यांना त्याचे उत्तर सभागृहात द्यावे लागेल.