घोयऱ्याचा ताळेबंद



सरडा म्हटला की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात: त्याची कुंपणापर्यंतची धाव आणि त्याचे रंग बदलणे. शब्द फिरवणाऱ्या माणसाला आपण मराठीत सरडा म्हणतो, वसतिगृहातील माझे कन्नड मित्र ‘गोसुंबे’ म्हणतात. दोन्ही भाषांनी त्या बिचाऱ्याची शिवी केली. पण त्याला जगायला काय लागते, हा प्रश्न कोणी विचारत नाही. गेल्या मे महिन्यापर्यंत मीही विचारला नव्हता.

माझे घर पेडणे तालुक्यातील मोपा गावी. तेथल्या सड्यावर आता मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. सुट्टीत माझ्या धाकट्या मावसभावाला रस्त्यावर एक घोयरा सापडला. हिरवा, झुलत झुलत पाऊल टाकणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. गाडीखाली येईल म्हणून त्याने तो उचलला, इथवर ठीक. पण मग जाळी लावलेल्या खोक्यात घालून तो खोलीत ठेवला आणि मी कॉलेजात शिकतो म्हणून खुराकाचे खाते माझ्याकडे सोपवले.

मी नाकतोडे देत होतो. शिवाय आजीच्या कॅल्शियमच्या गोळीची पूड आणि लहान मुलांच्या जीवनसत्त्वांचे थेंब. चांगली वस्तू, मग रोज का देऊ नये? तीन आठवड्यांत त्याची फांदीवरची पकड सुटू लागली. पशुवैद्यांकडे पोहोचेपर्यंत तो गेला होता.

त्यांनी रागावून नव्हे, समजावून सांगितले. किड्यांत फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. सरड्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट लागते. ही तूट भरली नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून उचल करते, आणि हाडे मऊ पडतात. मिळालेले कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे. ते उन्हातील अतिनील किरणांमुळे त्याच्या कातडीत तयार होते. काचेआडच्या उन्हाने किंवा ट्यूबलाइटने होत नाही. ते थेंबांतून भरमसाट दिले, तर जास्तीचे लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठते. मग कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत बसते. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही तसेच, कमी पडले तरी रोग, जास्त झाले तरी रोग. मी एकीकडे ऊन तोडले होते आणि दुसरीकडे औषध ओतले होते.

आम्ही जमाखर्च शिकतो. नुसत्या जमेच्या बाजूने ताळेबंद जुळत नाही, हे पहिल्या वर्षीच फळ्यावर लिहिले जाते. पण घरी आल्यावर आपण ते विसरतो. मूल बारीक दिसले की टॉनिक, गाय आटली की टॉनिक! प्रेम म्हणजे जास्त देणे, अशी आपली समजूत आहे.

परदेशी जातीचे शॅमेलिऑन कायदेशीरपणे, सरकारदरबारी नोंद करून पाळणारे लोक आहेत. त्यांतले जाणकार साधी कॅल्शियमची पूड किड्यांना वरचेवर लावतात, जीवनसत्त्वांची मात्र महिन्यातून एकदोनदाच. किड्यांना आधी पालेभाजी चारतात, आणि अतिनील किरणांचा दिवा लावतात. एवढा व्याप करून ते जे साधतात, ते आपल्या घोयऱ्याला सड्यावरच्या करवंदीच्या जाळीत फुकट मिळते: ऊन, पानांवरचे दव, आणि नाना पाला खाल्लेले नाना किडे.

आणि आपला घोयरा पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे. हे आम्हाला ठाऊक नव्हते, ही सबब होऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, लोक तो विषारी समजून दगडाने ठेचतात, त्यापेक्षा पाळलेला काय वाईट? मला हा युक्तिवाद पटत नाही. घोयऱ्याला विष नाही, हे चार लोकांना सांगणे खोके आणण्यापेक्षा सोपे आहे. रस्त्यावर दिसला तर काठीवर चढवून पलीकडच्या झुडपात सोडावा. जखमी असेल तर वन खात्याला कळवावे. त्यापुढची आपली माया त्याला झेपत नाही.

आम्ही त्याला परसात पुरले. मावसभाऊ म्हणाला, “दादा, आपण त्याला काय कमी केलं?” कमी काहीच केले नव्हते. तेच मला त्याला सांगता आले नाही, म्हणून येथे लिहिले.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष वाणिज्य