राइडमागे किती पडले?

जुन्या प्रश्नपत्रिकेचा एक पाठकोरा कागद आमच्यापुढे आहे. एका बाजूला प्राचीन मराठी वाङ्मयावरचे पाच प्रश्न आहेत आणि दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली यादी: गाडीभाडे, तिकिटे, दुपारचे जेवण, सामानाचा लॉकर, किरकोळ. बेरीज दोनदा खोडून तिसऱ्यांदा मांडली आहे. तीन घरे, सहा मोठी माणसे, पाच मुले आणि एका मनोरंजन उद्यानातला एक दिवस, एवढाच त्या कागदाचा विषय. आमच्यापैकी दोघे तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे सुट्टी लागली की त्यांचे मानधनही सुट्टीवर जाते. त्यामुळे 'किरकोळ' या शब्दापुढचा आकडा आधी दोन हजार, मग बाराशे आणि अखेरीस आठशे असा उतरत गेलेला दिसतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी असल्या कागदाकडे कशासाठी पाहावे, हा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की हीही एक संहिता आहे. तिला लेखक आहे, अभिप्रेत वाचक आहे आणि मुख्य म्हणजे तिच्यात लपवाछपवी आहे. हा कागद आम्ही मुले झोपल्यावर लिहिला आणि सकाळी पुस्तकात दडवला. आपण काय परवडवतो आहोत हे मुलांना कळू नये, त्यांचा आनंद निर्भेळ राहावा, असा आमचा सद्हेतू होता. तो सपशेल चुकला. का चुकला, याचा विचार करताना आम्ही उद्यानाच्या तिकिटाच्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचलो. हातात मोजके पैसे असणाऱ्या कुटुंबाने अशा सहलीचा बेत आखताना पैसे वाचवण्याच्या युक्त्यांआधी एक गोष्ट करावी, असे आमचे आता ठाम मत झाले आहे: आकडा मुलांसमोर ठेवावा आणि निवडीत त्यांना सामील करून घ्यावे.

प्रथम त्या दिवसाविषयी. सकाळी दहाला आत शिरलो. पहिल्या दोन राइड होईपर्यंत सारे उत्तम होते. तिसऱ्या रांगेत उभे असताना आमच्यातल्या बारा वर्षांच्या मुलाने विचारले, "तीन झाल्या तर राइडमागे किती पडले?" त्याने तिकिटाच्या रकमेला तीनने भागले. चौथ्या राइडनंतर चारने भागले. भाव उतरताना पाहून तो हरखला आणि मग इतर मुलांनाही त्या भागाकाराचा नाद लागला. दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत धाकटी मुलगी सावलीतल्या बाकावर पेंगत होती. तिला आम्ही उठवले, कारण अजून पाच राइड बाकी होत्या. ती रडत रांगेत उभी राहिली. तिला रांगेत उभे करणारे आम्हीच होतो, उद्यानाने तसे काहीही सांगितले नव्हते. कागद दडवला होता, पण त्यातला आकडा आमच्या चालण्यात, घड्याळ पाहण्यात, 'चला, चला' म्हणण्यात इतका उघड होता, की मुलांनी तो केव्हाच वाचला होता.

हा भागाकार मुलाच्या स्वभावातून आलेला नाही. तो तिकिटाच्या रचनेतच आहे. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिलयू यांनी १८९७ साली स्टीपलचेस पार्क सुरू केले, तेव्हा पंचवीस सेंटांच्या एकाच तिकिटात आतले सगळे खेळ ही त्याची ओळख ठरली. १९०७ साली हे उद्यान जळाले, तेव्हा टिलयू यांनी दुसऱ्या दिवशी जळके अवशेष पाहण्यासाठी दहा सेंट आकारले. आनंदाला कुंपण घालून दारावर पैसे घेता येतात, हे या गृहस्थांना पुरते उमगले होते.

त्यानंतर साठेक वर्षांनी, १९५५ च्या जुलैमध्ये, कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. तिथे आरंभी निराळी रीत होती. प्रवेशासाठी मोठ्या माणसाला एक डॉलर आणि आतल्या प्रत्येक खेळाचे पैसे वेगळे. त्याच वर्षी कुपनांची पुस्तिका निघाली. पुढे 'ए'पासून 'ई'पर्यंत श्रेणी झाल्या. मुख्य रस्त्यावरच्या घोड्याच्या ट्रामला 'ए' कुपन पुरे, तर मॅटरहॉर्नच्या बर्फाळ डोंगरातून सुसाट उतरायचे तर १९५९ साली आलेले 'ई' कुपन हवे. 'ई' कुपने आधी संपत आणि 'ए' कुपने उरत. ही श्रेणी अमेरिकी बोलीत इतकी रुजली, की १९८३ साली अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन 'ई' तिकिटाच्या उपमेने केले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, कुपने बंद होऊन एकरकमी प्रवेशपत्र आले होते.

या बदलाचे अर्थशास्त्रही समजून घेण्याजोगे आहे. वॉल्टर ओई या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडचेच उदाहरण घेऊन दुहेरी दराचा प्रश्न मांडला: प्रवेशाचे पैसे किती घ्यावेत आणि प्रत्येक खेळाचे किती? गणित सोपे करून सांगायचे तर, सगळे ग्राहक सारखे असतील तर मक्तेदाराला सर्वाधिक लाभ व्हायचा मार्ग असा, की खेळाचा दर खर्चाइतकाच ठेवावा आणि ग्राहकाच्या मनात त्या दिवसाचे जे मोल असेल ते सारे दारातच वसूल करावे. आपण 'पैसे वसूल' म्हणतो तेव्हा वसुली आपण करत आहोत असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती आत शिरण्यापूर्वीच झालेली असते, मात्र आपल्या बाजूने नव्हे. दिवसभर आपण जे करतो ती केवळ मनाची भरपाई.

कुपनांच्या काळात गरीब कुटुंब सुखी होते, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. ज्या मुलाच्या हाती एकच 'ई' कुपन होते, त्याला दुसऱ्याच्या हातातली चार दिसतच असणार. एकरकमी तिकिटाने ही विषमता आतून तरी पुसली: कुंपणाच्या आत सगळे एका रांगेत. हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो आणि त्याचे उत्तर देणे सोपे नाही. पण ती समताही आता टिकलेली नाही. डिस्नेने १९९९ साली रांग टाळण्याची सोय फुकट दिली होती. २०२१ पासून तिच्या अमेरिकेतील उद्यानांत अशा सोयीसाठी पैसे मोजावे लागतात. आपल्याकडील मोठ्या उद्यानांतही रांग वगळण्याचे महागडे तिकीट मिळते. म्हणजे प्रवेश सगळ्यांना एक, पण वेळ ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. दारात एकदा आणि रांगेत पुन्हा एकदा, अशी आता दोन कुंपणे आहेत.

आपल्या गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणा असतो, आणि तो बघायला दमडीही पडत नाही. ज्याला बसायचे तो पैसे देतो, बाकीचे खाली उभे राहून वर बसलेल्यांच्या किंकाळ्यांवर हसतात. त्या खाली उभे राहण्यात कमीपणा नसतो, कारण तोही जत्रेचाच भाग असतो. मनोरंजन उद्यानात नुसते पाहणाऱ्याला जागा नाही. बाकावर बसलेल्या आजीचेही तिकीट काढलेले असते. तिच्या वाट्याच्या शून्य राइडना भागायचे कसे, हे गणित आमच्या त्या मुलालाही सुटले नाही.

पैशांची चणचण आणि प्रवास यांचे नाते मराठी गद्याला परके नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. घरावर कर्ज होते आणि यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. वाटेत बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि परतताना गंगेची कावड घेऊन आले. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. आपण ते इतिहासाचे साधन म्हणून शिकवतो. पण कोणी किती दिले, किती गेले आणि हाती काय उरले, हे न लाजता सांगणारा निवेदक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. नंतरच्या प्रवासवर्णनांत निसर्ग आला, विनोद आला, परदेश आला. हिशेब मात्र हळूहळू पडद्याआड गेला, असे आम्हांला वाटते. ज्या रायगड जिल्ह्यात वरसई आहे, त्याच जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका उभे आहे. तिथे जाऊन आलेल्या मध्यमवर्गीय घराचे प्रामाणिक प्रवासवर्णन कोणी लिहिले, तर त्यात पैशाचे प्रकरण पहिले असावे लागेल.

ते प्रकरण आपण लिहीत नाही, कारण त्यात लाज आहे. एसटीत पाच ते बारा वयाला अर्धे तिकीट असते. तेरावे लागलेल्या मुलाला 'कंडक्टरने विचारले तर बारा सांग' असे बजावणारे पालक आपण पाहिले आहेत. कदाचित ते आपलेच होते. अनेक उद्यानांत बालकाचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते. तिथे वय लपवता येत नाही, म्हणून मोजपट्टीशी गुडघे किंचित वाकवण्याची खूण होते. घरून आणलेल्या पोळीभाजीचा डबा आत नेता येईल की नाही, हीही अशीच एक परीक्षा. कॅलिफोर्नियाचे डिस्नेलँड घरचे खाणे आत नेऊ देते. आपल्याकडच्या मोठ्या उद्यानांत सहसा मनाई असते. मग डबा गाडीतच राहतो, किंवा पार्किंगमध्ये उभ्याने, घाईघाईने संपतो. या सगळ्यात मूल जे शिकते ते काटकसर नव्हे. पैसे कमी असणे ही लपवण्याची गोष्ट आहे, हे ते शिकते. आणि मोठेपणी तेच मूल आपल्या वर्गात बसून दारिद्र्याची वर्णने 'वास्तववाद' या शीर्षकाखाली परीक्षेपुरती पाठ करते.

यंदा पुन्हा तोच बेत निघाला तेव्हा आम्ही कागद जेवणाच्या ताटांमध्ये मधोमध ठेवला. एकूण रक्कम वर लिहिली आणि तिच्यात काय काय बसवायचे ते मुलांना विचारले. आश्चर्य असे, की त्यांची निवड आमच्याहून शहाणी निघाली. रविवार सोडून आठवड्यातला दिवस घेतला तर अनेक ठिकाणी तिकीट कमी पडते, हे थोरल्या मुलीने शोधले. महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर काही ठिकाणी सवलत असते, हेही तिनेच सांगितले. कुणाची उंची कोणत्या राइडला पुरत नाही, याची यादी त्या बारा वर्षांच्या मुलाने केली, म्हणजे दोन तास रांगेत उभे राहून परत फिरणे नको. धाकटीने दोनच गोष्टी मागितल्या: एक पाण्याची राइड आणि दुपारी झोप. किरकोळीचे आठशे रुपये पाच मुलांत वाटून टाकले. ज्याने त्याने आपले ठेवावेत, खर्चावेत किंवा परत आणावेत, विचारायचे नाही.

या उपायाने कुंपण हलत नाही, दर उतरत नाही आणि तासिकांचे मानधनही वेळेवर येत नाही, याची आम्हांला जाणीव आहे. मुलांवर पैशाची काळजी लादू नये, असेही आमच्यातील एकीचे मत होते आणि अजून ते पुरते बदललेले नाही. तिला आम्ही एवढेच म्हणालो, की काळजी मुलांपर्यंत आधीच पोहोचलेली होती. आता त्यांना बोलण्याचा हक्कही मिळाला आहे.

सहल झाली. मुलांच्या मिळून सगळ्यांत कमी राइड याच वेळी झाल्या. परतताना गाडीत त्या मुलाने भागाकार केला नाही. धाकटीने तिच्या वाट्याचे एकशे साठ रुपये तसेच परत आणले होते. ते तिने आईच्या हातात ठेवले आणि पुढच्या वेळी धरायला सांगितले. त्या पाठकोऱ्या कागदावर, बेरजेच्या खाली, आम्ही तेवढी रक्कम शिल्लक म्हणून मांडली आहे.