सूर्येचा गाळ कोणाच्या हिशेबात?

सूर्या नदीच्या पाण्याचे वाटेकरी वाढत चालले आहेत. डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीला ओलीत व्हावे म्हणून बांधलेल्या धामणी धरणाचे पाणी तारापूर-बोईसरच्या कारखान्यांकडे गेले. पुढे वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी दररोज ४०३ दशलक्ष लिटरची योजना त्याच पाण्यावर बेतली गेली. या वाटपावरचा झगडा कार्यकर्त्यांना परिचित आहे. परंतु नदी गाळही वाहते, आणि लिटरांच्या हिशेबात त्याचे नाव क्वचितच निघते.

वर्षाचा बहुतेक गाळ पावसाळ्यातील मोजक्या पुरांबरोबर येतो. नेमके तेव्हाच जलाशय भरून घेण्यासाठी दरवाजे मिटलेले असतात. पाणी संथ झाले की प्रथम वाळू बसते, मग माती. अगदी बारीक चिकणमाती तेवढी तरंगत राहते. धरण भरल्यावर दरवाजे उचलले जातात, तेव्हा सांडव्यावरून वरचे निवळते पाणी जाते. तळचा गाळ बव्हंशी जागीच राहतो. गाळाला मुकलेला हा प्रवाह खालचे पात्र व काठ खरवडतो. दरवाजे एकाएकी उघडले तर ही खरवड काही तासांत होते. नदी गढूळ झालेली पाहून धरणाने गाळ सोडला असे काठच्या माणसाला वाटते. प्रत्यक्षात बरीचशी माती त्याच्याच काठाची असते!

सूर्या वैतरणेला मिळते आणि वैतरणा दातिवरे-अर्नाळ्यापाशी समुद्राला. खाडीतील खाजणे, तिवरे आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारी मासळी या गाळावर पोसलेली आहे. वैतरणेचा वरचा प्रवाह तर मुंबईसाठी मोडकसागरने (१९५७) व मध्य वैतरणेने (२०१४) आधीच अडविला आहे. खाली वाळूचा उपसा, वरून आवक तुटलेली: मग कोळ्याने कोणाकडे दाद मागावी?

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे पावसाळ्यापूर्वी काढतात, पूर ओसरल्यावर बसवितात. गाळ वाहून जातो. गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवण्याचे वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली कायम केले. तो वाद दोन राज्यांच्या पाण्याचा होता, गाळाचा नव्हे; तरीही दरवाजा केव्हा उघडावा हा सार्वजनिक प्रश्न ठरला. साठवणीचे धरण चार महिने उघडे ठेवता येणार नाही, हे मान्य. परंतु विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढविता येतो, धरणाच्या वर व खाली तरंगता गाळ मोजता येतो, आणि ती नोंद कालवा सल्लागार समितीपुढे, शेतकऱ्यांबरोबर खाडीच्या मच्छीमारांनाही बसवून, ठेवता येते. पालघरच्या कार्यकर्त्यांनी ही मागणी पुढील पावसाळ्यापूर्वी लावून धरावी.