जुनी कॅराव्हॅन घेताना आधी वजनकाटा

तेलुगू चित्रपटसृष्टीत कलावंतांच्या विश्रांतीसाठी चित्रीकरणस्थळी उभ्या केल्या जाणाऱ्या गाडीला कॅराव्हॅनच म्हणतात, त्यामुळे हैदराबादच्या बॉडी-बिल्डरांना आणि मेकॅनिकांना हा प्रकार अपरिचित नाही. मात्र ती गाडी मुख्यतः एका जागी उभी राहून जनरेटरच्या विजेवर चालावी अशा बेताने बांधलेली असते, तर कुटुंबाच्या प्रवासाची कॅराव्हॅन स्वतःचे पाणी, वीज आणि सामान घेऊन शेकडो किलोमीटर धावणार असते. जुनी गाडी थोडक्या पैशांत घेऊन ती दुरुस्त करून मागणारा ग्राहक इंजिनाचा आवाज ऐकतो, आतले सोफे पाहतो आणि सौदा ठरवतो. हा फरक त्याच्या लक्षात आणून देणे हे कारागिराचे पहिले काम आहे.

नोंदणीपत्रात, म्हणजे आरसीत, रिकाम्या गाडीचे वजन आणि माणसे व सामानासह अनुज्ञेय असलेले कमाल वजन असे दोन आकडे असतात, आणि त्यांच्यातील अंतरातच सगळा संसार बसवायचा असतो. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. १९ मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी प्लायची एकच शीट साधारण ३५ ते ४० किलो भरते, म्हणजे दहा शीटच्या पलंग-कपाटांत साडेतीनशे किलो सहज जातात. १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोंच्या आसपास असते. आधीच्या मालकाने चढवलेली सजावट आरसीतल्या आकड्यांत बहुधा उतरलेलीच नसते. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोलावा, आणि पाटे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांचे थर, एका बाजूला बसले आहेत का ते पाहावे. जड फर्निचर उतरवून ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि पातळ प्लाय वापरणे दिसायला साधे वाटले, तरी ब्रेकच्या दृष्टीने तेच योग्य आहे.

गळतीचा प्रश्न अधिक फसवा आहे, कारण हैदराबादेत मे महिन्यात दाखवलेली गाडी कोरडीच असणार. छतावर अर्धा तास पाइपने पाणी सोडावे आणि मग एसीच्या खाचेभोवती व खिडक्यांच्या रबराखाली आतले पॅनेल अंगठ्याने दाबून पाहावे. प्लाय दबला किंवा ठोकल्यावर बोदा आवाज आला, तर मागच्या चौकोनी पाइपांनाही गंज चढला असण्याची शक्यता धरावी. त्यावर नवे लॅमिनेट चिकटवून देणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर नक्षीवरून चांगले वाटतात, पण बाजूवरच्या शेवटच्या चार अंकांत निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते: २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा.

विजेबाबत स्पष्ट नकार द्यायला शिकले पाहिजे. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज खातो, तर १२ व्होल्टच्या वरील बॅटरीत १,८०० वॅट-अवर ऊर्जा असते आणि बॅटरी टिकवायची तर त्यातील निम्मीच वापरता येते. म्हणजे तासभरही थंडावा मिळत नाही. कमी खर्चात छताला उष्णतारोधक थर आणि गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवणे अधिक शहाणपणाचे.

कागदपत्रांकडे मात्र सर्वांत शेवटी पाहिले जाते, आणि हेच महागात पडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही मर्यादा ठामपणे मांडली. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. पुणे-सोलापूरकडून राष्ट्रीय महामार्ग ६५ने आलेली गाडी तेलंगणात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि नवा नोंदणी क्रमांक लागतो. आरसीत मिनीबस आणि आत स्वयंपाकघर अशी गाडी समोर आली, तर परिवहन कार्यालयाकडून लेखी खुलासा येईपर्यंत तिच्या कामाचे अंदाजपत्रकही देऊ नये.