एआयचं गाणं ठीक, पण गंधार कुणाच्या हातात?

दोन ओळींचं वर्णन लिहा, अख्खं गाणं मिळवा. सुनो आणि उडियो या एआय टूल्सनी हे सोपं केलं. जून 2024 मध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेत या दोघांवर कॉपीराइटचे दावे ठोकले, आणि तेव्हापासून चर्चा मालकीभोवतीच फिरते आहे. मला मात्र दुसराच प्रश्न पडतो: गाण्यातला एकच सूर केसभर उतरवायचा असेल तर? 'गंधार थोडा उतरव' असं लिहिता येतं, पण तो नेमका किती उतरेल याची हमी नाही.

म्हणून मी नायक्विस्ट वापरून पाहिलं. रॉजर डॅनेनबर्ग यांची ही लिस्पवर आधारलेली भाषा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती मिळते. लिस्पमध्ये सगळं कंसात: आधी काम, मग त्याला लागणारी माहिती. कंसात 'ऑस्क' आणि 60 लिहिलं की मिडल सी तयार. त्याला सा मानला तर 64 म्हणजे शुद्ध गंधार.

पण तो कीबोर्डचा गंधार. तानपुऱ्याशी जुळणाऱ्या गंधाराची कंपनं सा च्या सव्वापट असतात. त्याचा आकडा येतो साधारण 63.86. दोन्ही एकापाठोपाठ वाजवले, तर दुसरा किंचित उतरलेला कानाला कळतो.

एआय वापरू नका असं मी म्हणत नाही. पण सूर तुमचा हवा असेल, तर तो आकडाही तुमच्याच हातात हवा. लिस्पच्या एका कंसात तो मिळतो.